१९३४ चा भूकंप, पाटण्यातल्या अफवा आणि न मरणारी ढकलपत्रं

उत्तरायण (धागाकर्ता)

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळ हादरला. मुंगेर, मुझफ्फरपूर या शहरांची माती झाली, दहा हजारांच्या वर माणसं गेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले आणि टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला, हा वाद इथल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. मला आज त्याच भूकंपातलं एक कमी माहीत असलेलं प्रकरण सांगायचं आहे.

पाटण्यात जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. भूकंपानंतर लोकांच्या तोंडी ज्या अफवा फिरत होत्या त्या त्यांनी चक्क उतरवून घेतल्या आणि १९३५ मध्ये मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात त्यावर निबंध छापला. अफवा कसल्या, तर १८-१९ जानेवारीला पाटण्यात मोठं चक्रीवादळ येणार. २३ जानेवारी हा घाताचा दिवस. गंडकीचा लोंढा मुझफ्फरपूरकडे निघालाय. २६ फेब्रुवारीला प्रलय.

वीसेक वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाच्या वाचनात हा निबंध आला आणि तो एका जागी अडला. या अफवा जिथे पसरल्या तिथल्या लोकांना हादरा चांगलाच जाणवला होता, पण डोळ्यांसमोर पडझड आणि मुडदे नव्हते. आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का सांगत सुटतील? दिलासा देणाऱ्या अफवा का नाही पसरल्या?

त्याने उत्तर काढलं ते असं. छातीत धडधड आहे, पण आजूबाजूला पाहिलं तर घर उभं आहे, चूल पेटलेली आहे. भीती आहे आणि भीतीला कारण नाही, ही अवस्था माणसाला सोसत नाही. मग तो कारण शोधतो. ‘२६ तारखेला प्रलय आहे’ हे कळलं की धडधडीचा हिशेब लागतो. म्हणजे अफवेने भीती निर्माण केली नाही, आधीच असलेल्या भीतीला तिने कागदपत्रं मिळवून दिली.

याला जोड म्हणून दुसरा अभ्यास आहे, तोही आपल्याकडचाच. १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष नुकसान झालेल्या ठिकाणच्या लोकांचं बोलणं नोंदवलं. तिथे ‘आता याहून मोठं संकट येणार’ या जातीच्या अफवा आढळल्या नाहीत. समोर चिखलाखाली घरं होती, भीतीला वेगळं कारण लागत नव्हतं. या दोन अभ्यासांवर फेस्टिंगरने १९५७ चा आपला विसंगतीचा सिद्धान्त (मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की माणूस त्या जुळवायला धडपडतो) बराच टेकवला आहे.

हे डोक्यात असलं की एक गोष्ट उलगडते. आपण कायप्पावर (म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर) ढकलपत्र, म्हणजे फॉरवर्ड, टाकणाऱ्या कुणाला ‘हे खोटं आहे हो, नासाने असं काही म्हटलेलं नाही’ म्हणून सांगतो तेव्हा आपण फक्त काढून घेत असतो. बदल्यात काही देत नाही.

१९९४ चा जॉन्सन आणि सायफर्ट यांचा प्रयोग याच अंगाने आहे. लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची बातमी तुकड्यातुकड्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की एका खोलीत तैलरंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे दुरुस्ती दिली की ती खोली रिकामीच होती. लोकांना ती दुरुस्ती नीट आठवत होती. तरी ‘धूर एवढा काळा का?’ विचारलं की बरेच जण रंगाचे डबेच पुढे करत. मात्र ‘खोली रिकामी होती, आणि आग लावल्याचे पुरावे दुसरीकडे सापडले’ असं सांगितल्यावर डबे मागे पडले. खोटी माहिती काढल्यावर जे भगदाड पडतं ते बुजवायला काही मिळालं तरच ती निघते.

तर मंडळी, खोटी ठरूनही टिकलेली एखादी अफवा तुमच्या पाहण्यात असेल तर सांगा. आणि ती कसली गरज भागवत होती असं तुम्हाला वाटतं, तेही. चालू राजकारण कृपया नको, धागा दोन तासांत बंद पडतो.

---

टपरीवरचा चहा

मस्त धागा. वाचतोय. जमुना प्रसाद हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि फेस्टिंगर मात्र बीएला घोकला होता. यातच काय ते आलं.

---

बार्शीकर

किल्लारीच्या वेळचं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या ठोक्याला दोन-चार मिनिटं असताना ते झालं. आमच्या बार्शीत फडताळातली भांडी खाली आली, माजघराच्या भिंतीला चीर गेली, पण किल्लारी-सास्तूरला जे झालं त्यातलं काही नाही. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तसा पट्टा: हादरा भरपूर, पडझड किरकोळ.

दिवाळीपर्यंत सगळी गल्ली अंगणात झोपत होती. रोज दिवेलागणीला नवी बातमी यायची, आज रात्री नक्की. कुणी रेडिओचा हवाला द्यायचं, कुणी हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा. माझे वडील शाळामास्तर. ते रोज समजावायचे की भूकंपाची तारीख आणि वेळ जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. त्यावर आई म्हणायची, “मग आज होणार न्हाई हे तरी तुमाला कुठं सांगता येतंय?” मास्तर गप्प.

आमचे मामा मदतीच्या ट्रकबरोबर सास्तूरकडे गेले होते. ते सांगायचे की तिथे पुढच्या भूकंपाबद्दल कुणी बोलत नव्हतं. पत्रे कुठे मिळतायत, कोण सापडलं, कुणाचं कोण उरलं, एवढंच. सिन्हांचं वाचून मामांची आठवण झाली.

---

तिरकस

लेख चांगला आहे, पण एका मामांवरून सिद्धान्त सिद्ध होत नाही बार्शीकर. (मामांबद्दल आदर आहेच.)

दोन शंका. पाटण्याचा वर्ग आणि दार्जिलिंगचा वर्ग यात सोळा वर्षांचं अंतर, आपत्ती वेगळी, अफवा गोळा करणारा माणूस वेगळा. ‘पडझड पाहिली की नाही’ एवढाच फरक त्यांच्यात होता असं कसं म्हणणार? दरड एकदा कोसळली की कोसळली. भूकंपानंतर मात्र खरोखरच धक्के येत राहतात. पाटण्यातला माणूस ‘पुन्हा होईल’ म्हणत होता तेव्हा तो काही हवेत बोलत नव्हता. तारीख चुकीची, भीती बरोबर.

दुसरी, फेस्टिंगरचाच दुसरा गाजलेला अभ्यास. १९५४ मध्ये शिकागोकडच्या एका गटाला २१ डिसेंबरला महापूर येऊन जग बुडणार याची खात्री होती. पूर आला नाही आणि गट मोडण्याऐवजी प्रचाराला लागला, अशी कथा आपण सगळे सांगतो. पण त्या एवढ्याशा गटात निरीक्षक म्हणून संशोधकांचीच माणसं अनुयायी बनून घुसली होती. नवे भक्त येतायत हे पाहून मूळ भक्तांचा विश्वास वाढला नसेल कशावरून? ही टीका जुनीच आहे, तरी कथा तशीच सांगितली जाते. खोट्या समजुतींच्या अभ्यासातल्या कथाही ऐकायला छान असल्या की दुरुस्त होत नाहीत.

---

उत्तरायण

@तिरकस, पहिली शंका रास्त आहे. म्हणून तर मी ‘टेकवला’ म्हटलं, ‘सिद्ध केला’ नाही. पण बार्शीकरांच्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे पाहा. मास्तरांचं विधान शंभर टक्के खरं होतं आणि तरी त्याने कुणी घरात झोपायला गेलं नाही. भीतीला त्यात जागाच नव्हती. ‘किल्लारीनंतरचे धक्के हळूहळू लहान होत जातील, त्यातला एखादा जाणवेलही, चीर गेलेल्या भिंतीपासून लांब अंथरूण घाला’ असं म्हटलं असतं तर तेही तितकंच खरं होतं आणि हाताला काही लागलं असतं.

---

सह्यकडा

बार्शीकरांच्या प्रतिसादाला पुस्ती. किल्लारी भागात १९९२ च्या पावसाळ्यापासूनच धक्के जाणवत होते, लोक तक्रार करत होते. आणि त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा सगळा भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचं पठार स्थिर, असंच शाळेत शिकवलं जायचं. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकला.

त्यामुळे ‘अधिकृत सूत्रांवरच विश्वास ठेवा’ हे वाक्य लातूर-धाराशिवच्या माणसाला ऐकवताना जरा जपून. त्याने एकदा ठेवला होता.

---

मुग्धा_माहीमकर

आडनावाप्रमाणे माहीमची गोष्ट सांगणं भाग आहे. ऑगस्ट २००६. माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं अशी आवई उठली आणि रात्रीत किनाऱ्यावर ही गर्दी. लोक बाटल्या भरून नेत होते, लहान मुलांना पाजत होते. ज्या पाण्यात मिठी नदी सगळ्या मुंबईची घाण आणून सोडते ते पाणी! पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी भरपूर येतं म्हणून खारटपणा कमी लागतो, हे लगेच सांगितलं गेलं. पिऊ नका म्हणून पालिकेनेही बजावलं. दोनच दिवसांत देशभर गणपती पुन्हा दूध प्यायला लागले, १९९५ सारखे.

आमच्या शेजारच्या काकूंनी ती बाटली बरेच दिवस देवघरात ठेवली होती. प्यायच्या नाहीत, घाण आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, सगळे गेले होते. आपणही होतो तिथे.” आदल्या वर्षी २६ जुलैला त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि नुकतेच जुलैत लोकलमध्ये स्फोट झाले होते. त्या मोसमात मुंबईकराला पाण्याकडून आणि गर्दीकडून एकदा तरी काही बरं घडावंसं वाटत असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. उत्तरायण, तुमच्या ‘भीतीचं कारण’ सिद्धान्तात ही अफवा बसत नाही बरं का. ही चक्क आनंदाची होती.

---

उत्तरायण

नाही बसत. मान्य. गरज दरवेळी भीतीचीच असते असं मला म्हणायचं नाही, पण पाटण्याच्या चौकटीत माहीम कोंबणार नाही.

---

अटलांटिकपार

इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी सुरुवातीला प्रत्येक ढकलपत्राखाली खरं-खोटं तपासून दुवा टाकायचो. परिणाम शून्य, उलट काही काका जास्तच चेव येऊन टाकायला लागले. नंतर वाचलं की याला नावच आहे, दुरुस्ती केली की समजूत उलटून घट्ट होते. २०१० मध्ये नायहन आणि राइफ्लर यांनी इराकमधल्या संहारक अस्त्रांबद्दल प्रयोग केला होता. अस्त्रं सापडली नाहीत ही दुरुस्ती वाचून उजव्या विचारांच्या लोकांचा ती होती यावरचा विश्वास वाढला. तेव्हापासून मी दुवे टाकणं बंद केलं. वेळ वाचतो.

---

तिरकस

@अटलांटिकपार, वेळ वाचवायला हे कारण छान आहे, पण ते आता टिकत नाही. वुड आणि पोर्टर यांनी हाच परिणाम शोधायला दहा हजारांहून जास्त लोकांवर पाच प्रयोग केले, ५२ वेगवेगळ्या विषयांवर. २०१९ मध्ये छापलं. उलटून घट्ट होण्याचा प्रकार जवळपास कुठेच मिळाला नाही. दुरुस्ती वाचल्यावर बहुतेक लोक, अगदी विरुद्ध पक्षाचे सुद्धा, सत्याच्या दिशेने थोडे तरी सरकत होते. खुद्द नायहनने नंतर लिहिलंय की खोट्या समजुती टिकण्याचं खापर या परिणामावर फोडता येणार नाही. दुरुस्तीचा असर होतो, फक्त तो लवकर विरतो आणि ज्यांच्यापर्यंत पोचायला हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

गंमत म्हणजे ‘दुरुस्ती केली की उलटतं’ हे आजही प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतं. विषयच असा आहे.

---

अटलांटिकपार

प्रयोगशाळेत पैसे घेऊन प्रश्नावली भरणारा माणूस आणि चाळीस जणांसमोर ज्याची चूक काढली तो काका, यात फरक आहे हो तिरकस. काकांना दुरुस्ती पटली असेलही. पण मंडळाचे माजी अध्यक्ष आहेत ते, चारचौघांत ‘हो, चुकलं’ कसं म्हणतील?

अजून एक, अमेरिकेतलं राजकारण चालणार असेल तर. २०१६ च्या निवडणुकीत याच मंडळींनी ट्रम्प यांच्या भाषणातली चुकीची विधानं दुरुस्त करून त्यांच्या समर्थकांना दाखवली. समर्थकांनी दुरुस्ती मानली. पण उमेदवाराबद्दलचं मत तसूभर हललं नाही. म्हणजे माहिती बदलली आणि माणूस जागच्या जागी. मग दुरुस्तीचा ‘असर’ म्हणायचं तरी कशाला?

---

टपरीवरचा चहा

+१. काकांना खाजगीत लिहा. चहा पाजा. दुवा नंतर.

---

सांजसावली

‘आपल्याला माहीत आहे, आपण नाही फसणार’ असं वाटणाऱ्यांसाठी एक अभ्यास. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटतं, हे १९७७ पासून माहीत आहे. २०१५ मध्ये फाझिओ आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: खरं उत्तर ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांचंही असं होतं का? त्यांच्या विधानांतलं एक होतं, ‘स्कॉटलंडचे पुरुष जो चुण्यांचा आखूड घागरा घालतात त्याला साडी म्हणतात.’ :-D त्याला किल्ट म्हणतात हे माहीत असलेल्यांनाही हे विधान दुसऱ्यांदा समोर आल्यावर जरा अधिक खरं वाटलं!

आपल्याला साडीबाबत हा धोका नाही. पण ‘युनेस्कोने जन गण मन सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हे किती वर्षं आणि किती वेळा वाचलंय आठवून पाहा. वाचताना ओठ मुडपतो आपण, तरी आत कुठेतरी ते मुरत असतं. मला तर आता ढकलपत्रं उघडून हसायचीही भीती वाटते.

---

व्यवस्थापन

राजकीय नेत्यांच्या पदव्यांवरचे सहा प्रतिसाद आणि त्यांवरचे उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धाग्याचा विषय सांभाळून लिहावे.

---

खानदेशी

इथपर्यंत हसत वाचलं, पण या विषयात राईनपाडा आल्याशिवाय राहू नये. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं.

तेव्हा देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून येऊन पोर उचलून नेणारा, तो कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीचा होता. मूळ चित्रफितीत शेवटी तो माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो. तेवढा भाग कापला होता. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल असं केलं.

आमच्या भागात तेव्हा कित्येक आठवडे हे चाललं होतं. ‘हे खोटं आहे’ असं पोलीस सांगत होते. पण माझ्या चुलतभावाच्या बायकोचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही: “भाऊ, खोटं असलं अन्‌ मी मानलं तर काय, पोराला दोन दिवस घरात ठीवसू. खरं असलं अन्‌ मी नाही मानलं तर?” घरात ठेवण्याइतपत हा हिशेब बरोबर आहे. बाजारात पाच अनोळखी माणसं दिसल्यावर तोच हिशेब काय करतो ते आपण पाहिलं. फेस्टिंगरचं कारण शोधणं वगैरे मला इथे अपुरं वाटतं. तिथे भटक्यांबद्दलचा संशय आधीपासून होता. अफवा नवी होती, संशय जुना होता.

---

उत्तरायण

खानदेशी, यावर मी काही सारवासारव करणार नाही. फक्त एक भर. ‘अंगाचं काहीतरी काढून घेतात’ ही भीती आपल्याकडे खूप जुनी आहे. १८९६ च्या प्लेगात मुंबईत पसरलं होतं की इस्पितळात नेतात ते माणसाची मोमियाई (माणसाच्या शरीरातून काढतात असं मानलं जाणारं औषध) काढायला. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं, त्याचा सूड म्हणून सरकार हे करतंय, असंही लोक बोलत. (डांबर चापेकरांनी फासलं होतं, ते नंतर दामोदर चापेकरांच्या जबानीत आलं.) त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

---

डॉ. निशिगंध

प्लेगचा विषय निघाला म्हणून लिहिते. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नव्हता, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. उशिरा नेलेला प्लेगचा रुग्ण वाचायचाच कमी. त्यात घरात शिरून झडत्या, सामानाची होळी, बायकांची रस्त्यात तपासणी. मोमियाई खोटी होती, बाकी सगळं खरं होतं. आणि हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लस आल्यावर १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते गेले. दोष बाटली उघडताना झाला होता, मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हता. हाफकिनवरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं. तोवर गावोगाव काय बोललं गेलं असेल!

मी काही वर्षं पोलिओच्या कामात उत्तर प्रदेशात होते. थेंबांनी मुलं पुढे नापीक होतात अशी ठाम समजूत होती. आम्ही आधी पत्रकं वाटली. लसीत काय आहे, काय नाही. पत्रकांवर लोक भजी खात. फरक पडला तो मोहल्ल्यातल्याच बायका आमच्याबरोबर दारोदार यायला लागल्या आणि मशिदीतून पुकारा व्हायला लागला तेव्हा. शिवाय एक साधा सवाल आम्हाला रोज ऐकावा लागे: “आमच्याकडे ना गटार, ना पाणी, तापाला औषध नाही, आणि या एकाच थेंबासाठी सरकार दर महिन्याला दारात का?” संशय तिथून उगवत होता. थेंबांबरोबर तापाची, जुलाबाची औषधं न्यायला लागल्यावर दारं उघडली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला.

---

सातपूरची सून

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून धीर करून विचारते. विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही.

माझ्या सासऱ्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या आहेत. ‘बीपीच्या गोळ्यांनी किडन्या जातात’ हे ढकलपत्र त्यांच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलं. मी तीन-चार विश्वासू ठिकाणची माहिती मराठीत वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकतात, “बरं” म्हणतात आणि गोळी घेत नाहीत. मशीनवर आकडा १६०-१७० च्या घरात आहे. ह्यांनी आवाज चढवून पाहिला, तर दोन दिवस अबोला. काय करू?

---

टपरीवरचा चहा

ताई, आधी एक विचारा. त्यांच्या ओळखीत कुणाची किडनी गेली आहे का?

---

सातपूरची सून

हो! त्यांचे कारखान्यातले जोडीदार. गेल्या वर्षीपासून डायलिसिसवर आहेत. आणि ते वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या घेत होते. बाबा हेच म्हणतात, “मी डोळ्यांनी बघितलंय.”

---

डॉ. निशिगंध

मग तुम्ही वाचून दाखवलेल्या माहितीत त्या जोडीदाराचं उत्तर नव्हतं. ‘गोळ्यांनी होत नाही’ एवढंच होतं. बाबांच्या मनात प्रश्न आहे की मग माझ्या मित्राचं झालं कशाने?

त्यांना हे सांगून बघा. किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. वर्षानुवर्षं वाढलेला दाब तेच जाळं खराब करतो आणि साखर असेल तर आणखी वेगाने. खराब झालेली किडनी उलट दाब आणखी वाढवते. सुरुवातीला काहीच दुखत-खुपत नाही. त्यामुळे ज्याची किडनी जाते त्याच्या हातात बहुतेक वेळा आधीपासून बीपीची गोळी असतेच, आणि पाहणाऱ्याला वाटतं गोळीने केलं. त्यांच्या मित्राच्या गोळ्या नियमित होत्या का, दाब ताब्यात होता का, साखर होती का, आणि गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी दुकानातून आणून वेदनाशामक गोळ्या खात होते का, हे विचारा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्या गोळ्या मात्र किडनीला खरंच नडतात.

एक गोष्ट लपवू नका. बीपीची काही औषधं सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते ज्यावरून कळतं तो घटक) थोडं वर जाऊ शकतं, म्हणून आम्ही काही आठवड्यांनी तपासणी करतो. हे त्यांना दुसरीकडून कळलं तर तुमचं बाकीचं सगळं खोटं ठरेल. तीच औषधं साखरेच्या रुग्णांत किडनी टिकवायला देतात, हेही सोबत सांगा. आणि कृपया त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, १७० थांबण्यासारखा नाही.

---

तिरकस

डॉक्टरांशी सहमत, एक व्यावहारिक भर. सूनबाईंनी सांगू नका. तुम्ही मुद्दा कितीही बरोबर मांडलात तरी घरात तो सुनेचा मुद्दा असतो. त्या जोडीदाराच्याच घरी बाबांना भेटायला न्या आणि त्यांनाच विचारू द्या.

---

बार्शीकर

तिरकस पहिल्यांदाच कामाचं बोलले. :-)

---

सांजसावली

अंनिसचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात तेव्हाही हेच होतं ना? ‘बाबा खोटा आहे’ एवढं म्हणून लोक घरी गेले असते. जिभेवर कापूर जळतो कसा, नारळातून करणी निघते कशी, हे समोर होताना पाहिलं की मग ती गोष्ट घरी जाऊन दुसऱ्याला सांगायला मिळते. लोकांना सांगायला काहीतरी हवंच असतं.

---

सातपूरची सून

काल गेलो होतो. ते काका दहा वर्षं पाठदुखीसाठी रोज दुकानातली गोळी घेत होते आणि बीपीची गोळी “बरं वाटतंय” म्हणून मधूनमधून सोडत होते. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हे केव्हाच सांगितलं होतं. त्यांनीच बाबांना झापलं.

बाबांनी आज सकाळी रक्त द्यायला जायचं कबूल केलं. गोळीही घेतली. पण ढकलपत्र खोटं होतं हे काही मानायला तयार नाहीत. म्हणतात, “ते इंग्रजी गोळ्यांबद्दल होतं, फक्त पाठीच्या असं लिहायचं राहिलं असेल.” मी काही बोलले नाही.

---

अटलांटिकपार

तुमच्या बाबांना आमच्या मंडळाचं अध्यक्षपद द्यायला हवं.

---

डॉ. निशिगंध

बोलू नकाच. क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं प्रथिनही तपासायला सांगा, एका नमुन्यात होतं. आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर पहिले काही दिवस झोपेतून उठताना एकदम उभं राहू देऊ नका.

---

सातपूरची सून

सांगते. लघवीचा नमुना सकाळचाच लागतो का?